सहावीच्या वर्गात बुक क्लब सुरू करायचाय, पट ४८ आणि प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत, कसं करू?

पूर्वभागातली टीचर

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापुरात पूर्व भागात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, सहावीचा वर्ग माझ्याकडे आहे आणि पाचवीचा मराठीचा तासही. यंदा वर्गात बुक क्लब सुरू करायचं फार मनात आहे. वाचन तास आहेच आमच्याकडे, पण तो कसा असतो माहितीये सगळ्यांना, एक जण उभा राहून मोठ्यांदा वाचतो आणि बाकीचे त्याचं कधी संपतंय याची वाट बघतात. मला चार-पाच मुलांचे गट हवेत, प्रत्येक गटाचं स्वतः निवडलेलं पुस्तक, त्यांनीच वाचायचं आणि त्यांनीच त्यावर बोलायचं, पटलं नाही तर भांडायचं पण त्या पुस्तकावरून.

आता अडचण. पट ४८. लायब्ररी म्हणजे ऑफिसातलं एक कपाट, पुस्तकं तशी बरी आहेत पण प्रत्येकाची एकेकच प्रत. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. शाळेत मराठी फर्डं बोलतात सगळे, पण छापील लांब परिच्छेद आला की गाडी अडते, आणि काही मुलं तर अजून जोडाक्षरालाच थांबतात. आणि "घरून दोन धडे वाचून या" असं मला करायचं नाहीये. बऱ्याच घरात संध्याकाळी विड्यांचं काम चालतं, मुली हाताखाली असतात, एका खोलीत पाच-सहा माणसं. जे काय व्हायचं ते शाळेतच व्हायला हवं.

मग एका प्रतीवर पाच मुलं कशी वाचणार? गट मी पाडायचे की त्यांनी? हुशार आणि कच्ची मुलं एकत्र की वेगळी? आणि दहा गट एकदम बोलायला लागले की मी नक्की काय करायचं? मुख्याध्यापक सर चांगले आहेत, करा म्हणाले, फक्त "रेकॉर्ड काय ठेवणार" एवढं विचारलं. कुणी प्रत्यक्ष चालवला असेल तर सविस्तर सांगा प्लीज, प्रशिक्षणात ऐकलेलं नको.

बार्शीचा मास्तर

टीचर, बरं झालं विचारलंत, या विषयावर बोलायला कुणी भेटत नाही. मी झेडपीच्या शाळेवर आहे, पाचवी ते सातवीला चालवतो.

पहिलं म्हणजे ४८ मुलं एकाच दिवशी गटात बसवू नका. आधी एकच गट करा, बोलकी पाच पोरं घ्या, वर्गाच्या मधोमध गोल बसवा आणि बाकीच्यांना भोवती बसवून नुसतं बघू द्या. एखादी छोटी गोष्ट आदल्या दिवशी तुम्हीच सगळ्यांना वाचून दाखवलेली असू द्या, म्हणजे विषय सगळ्यांना माहीत असतो. मधली पाच जणं दहा मिनिटं बोलतील. मग भोवतीच्यांना विचारा, कोण कुणाचं ऐकत होतं, कोण मधेच तोडत होतं, कुणी पुस्तकात बोट ठेवून "हे बघ इथं लिहिलंय" असं दाखवलं का. गटात बोलायचं कसं हे आपण फळ्यावर नियम लिहिले म्हणून शिकत नाहीत मुलं, ते असं समोर बघूनच कळतं त्यांना. दोन-तीन वेळा असं करा, दरवेळी मधली पोरं बदला, तोपर्यंत गट पाडायची घाई नको.

प्रतींचं सांगतो. वर्गाचे दोन भाग करा. २४ मुलं एका आठवड्यात क्लबमध्ये, उरलेली २४ मागे आपापलं कुठलंही पुस्तक मनात वाचतील किंवा वाचलेल्याचं चित्र काढतील, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. म्हणजे एका वेळी फक्त पाच गट. पाच गटांना पाच पुस्तकं, प्रत्येकाच्या दोन प्रती मिळाल्या तरी काम होतं, दोघं-तिघं एका पुस्तकावर डोकी लावून वाचतात. पातळ पुस्तकं घ्या, सोळा-चोवीस पानांची, चित्रं असलेली. सहावीला चित्रांची पुस्तकं लहान वाटतील असं आपल्याला वाटतं, पोरांना तसं काही वाटत नाही, उलट चित्रात त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

आणि दोन प्रतीही नाहीत तर पहिली फेरी एकाच पुस्तकावर करा. रोज दहा मिनिटं तुम्ही वाचून दाखवायचं, सगळ्या वर्गाला, आणि शनिवारी गटात बसून त्यावर बोलायचं. पुस्तक एक, गट कितीही. अडखळणारी पोरं यात मागं पडत नाहीत कारण गोष्ट कानानं आलेली असते, आणि माझा अनुभव असा की बोलण्यात तीच पुढं असतात. शनिवार मी मुद्दाम म्हणतोय, सकाळची शाळा असते, आनंददायी शनिवारचा जीआर २०२४ पासून आहेच, पहिली ते आठवीला. त्यात हे बरोबर बसतं आणि कुणी आडवं येत नाही.

गट पाडताना हुशार-कच्चे असं अजिबात करू नका. पुस्तकावरून गट पाडा. पाच-सहा पुस्तकं टेबलावर मांडा, प्रत्येकाबद्दल तुम्ही मिनिटभर बोला, शेवट सांगू नका, मग पोरांना चाळू द्या आणि चिठ्ठीवर आवडीची तीन नावं लिहायला सांगा. चिठ्ठ्या घेऊन घरी बसून तुम्ही गट लावा, पहिली नाही तर दुसरी आवड प्रत्येकाला मिळतेच. मैत्रिणी-मैत्रिणींचे गट आपोआप मोडतात यात, आणि कुणाला तू कच्चा म्हणून इकडे असं वाटत नाही.

ग्रंथालयातली ताई

मी शिक्षिका नाही, सार्वजनिक वाचनालयात काम करते, त्यामुळे पुस्तकं कुठून आणायची तेवढंच सांगते.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा, मुलांच्या गोष्टींची वेबसाइट आहे. २०१५ पासून आहे, सगळी पुस्तकं फुकट, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळं आहे. चार पातळ्या केलेल्या असतात, पहिली म्हणजे एका पानावर एखादं-दुसरं वाक्य, चौथी म्हणजे नीट वाचता येणाऱ्या मुलांसाठी. यातली पुस्तकं मोकळ्या परवान्यात असतात, लेखक-चित्रकार-प्रकाशकाचं नाव ठेवून प्रिंट काढायला, झेरॉक्स करायला परवानगी असते. म्हणजे एका गोष्टीच्या पाच प्रती काढल्या तर काही चुकीचं नाही. दुकानातून आणलेल्या पुस्तकांची मात्र सरसकट झेरॉक्स करू नका, तो वेगळा विषय आहे. आणि तुमच्या वर्गासाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथं एकच गोष्ट मराठीतही मिळते आणि तेलुगूतही. आजी किंवा आईला तेलुगू वाचता येत असेल तर तीच गोष्ट घरी जाऊ शकते.

दुसरं, बालभारतीचं किशोर मासिक. १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला ठेवलेत. एकेक कथा दोन-तीन पानांची, सहावीला अगदी मापाची. एका अंकातली एक कथा एका गटाला असं करता येतं. घरोघरी जुने अंक पडलेले असतात, पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज टाका.

विकत घ्यायची झाली तर नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात. थोडं जाड पुस्तक हवं असेल तर त्यांचंच तोत्तोचान घ्या, जपानमधल्या एका लहान मुलीच्या शाळेची गोष्ट, मराठीत आहे. मी ते सुचवते त्याला कारण आहे, प्रकरणं दोन-चार पानांची आणि बहुतेक प्रसंग आपापल्या जागी पुरे होतात, त्यामुळे मधे चार दिवस गैरहजर राहिलेलं मूलही परत येऊन गटात बसू शकतं. आणि त्यातली शाळा रेल्वेच्या डब्यात भरते, रेल्वे रोज बघणाऱ्या सोलापूरच्या मुलांना डबा कसा असतो हे वेगळं सांगायला लागत नाही.

आपल्याकडच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा तुमच्या भागातल्या एखाद्या वाचनालयात मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन जाऊन प्रत्यक्ष बोला. बालविभागात एकाच पुस्तकाच्या जास्त प्रती कुठं पडून असतील तर ते तिथल्या माणसालाच माहीत असतं, यादी बघून कळत नाही. आणि मुख्याध्यापकांना हेही सांगा की शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला वाचनालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं असावीत असं लिहिलेलं आहे. म्हणजे गोष्टीची पुस्तकं मागणं ही वरची हौस नाही.

जुळे सोलापूर सातवी ब

वरचं सगळं पटलं, मी फक्त गटात काय होतं त्यावर बोलतो कारण तिथं बहुतेक जण अडकतात.

नेटवर शोधलंत तर तुम्हाला लगेच भूमिकांची कार्डं सापडतील. एकानं प्रश्न काढायचे, एकानं अवघड शब्द, एकानं चित्र, एकानं सारांश. अमेरिकेत हार्वे डॅनियल्स यांनी ही पद्धत १९९४ मध्ये पुस्तक लिहून लोकप्रिय केली. पुढे २००२ च्या आवृत्तीत त्यांनीच सांगितलं की ही कार्डं सुरुवातीच्या आधारापुरती होती, पण वर्गावर्गात तीच मुख्य होऊन बसली आणि मुलांचं बोलणं यांत्रिक झालं. मी तर म्हणेन आपल्याकडे हा धोका जास्त आहे, कारण आपल्या मुलांना रकाना दिसला की तो भरायची सवय आहे. शब्दवाला शब्द वाचून दाखवतो, चित्रवाला चित्र दाखवतो, आणि चौघांचं झालं की "सर झालं". पुस्तकावर कुणी बोललेलंच नसतं. कार्डं द्यायचीच तर पहिल्या एक-दोन बैठकींना द्या आणि मग काढून घ्या.

त्याऐवजी चिठ्ठ्या. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांच्या पट्ट्या कापा, प्रत्येकाला तीन-चार. वाचताना जिथं थांबावंसं वाटलं तिथं पट्टी घालायची, त्यावर फक्त एक खूण किंवा चार शब्द. आश्चर्य वाटलं तर उद्गारचिन्ह, कळलं नाही तर प्रश्नचिन्ह, हे आपल्याकडे पण होतं असं वाटलं तर आपल्या भागाचं किंवा माणसाचं नाव. बैठक त्या पट्ट्यांवर चालते. ज्याला काय बोलू कळत नाही तो निदान पट्टी उघडून "इथं मला प्रश्न पडला" एवढं तर म्हणतो, आणि तिथून गट पकडतो.

प्रश्न कुठले विचारायचे म्हणाल तर इंग्लंडचे लेखक-शिक्षक एडन चेंबर्स यांनी चार साधे प्रश्न दिलेत, काय आवडलं, काय नाही आवडलं, कशानं कोड्यात टाकलं, आणि काय परत परत आलं किंवा दुसरीकडे पाहिल्यासारखं वाटलं. एवढ्यावर अख्खं वर्ष निघतं. "या कथेतून काय बोध मिळतो" हा प्रश्न मात्र बंद ठेवा, निदान क्लबमध्ये तरी. तो विचारला की पोरं गप्प होतात, बरोबर उत्तर काय असेल ते शोधायला लागतात.

तुम्ही काय करायचं? सुरुवातीची पाच-सात मिनिटं तुमची, एखादी गोष्ट दाखवायची, म्हणजे दुसऱ्याचं न पटता त्याला कसं सांगायचं, किंवा पात्र असं का वागलं हे पुस्तकातून कसं शोधायचं. मग वीस मिनिटं त्यांची. तुम्ही वही घेऊन एका गटाच्या कडेला खाली बसा, मधे नाही, आणि बोलू नका. हे फार अवघड जातं आपल्याला, कळतंय मला. मूल चुकीचं बोलतंय आणि आपण गप्प बसायचं. पण बसा, बऱ्याचदा दुसरं मूलच ते पकडतं, आणि त्यानं पकडलेलं आपण सांगितल्यापेक्षा पक्कं बसतं. त्या वहीत मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दात, तारखेसकट लिहा. हेच तुमचं रेकॉर्ड, मूल्यमापनात प्रत्येक मुलाबद्दल ज्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात त्यांना थेट वापरता येतं. शेवटी पाच मिनिटं सगळ्या वर्गाची, प्रत्येक गटानं एकच गोष्ट सांगायची.

वेळापत्रकाचं एक. गट एका पुस्तकावर तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका, मग नवीन पुस्तक नवीन गट. श्रावणात नारळी पौर्णिमेला तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव असतो, तुमच्याकडे त्या आसपास वर्ग निम्मा असेल, आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात तर सगळीकडेच. त्या वेळी नवीन पुस्तक काढू नका. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून गॅदरिंगची गडबड सुरू होईपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला, आणि मग फेब्रुवारी.

एका सहावीतल्या मुलीचा बाबा

मी पालक म्हणून विचारतो, राग मानू नका. माझ्या मुलीच्या शाळेत असं काहीतरी सुरू केलंय, ती खूश आहे, पण स्कॉलरशिपचे क्लास, गणित, इंग्रजी, सगळं मागं पडायलंय असं वाटतं. आठवड्यातला एक तास गोष्टीवर गप्पा मारण्यात घालवायचा म्हणजे खरंच फायदा आहे का? मी लूमवर सुपरवायझर आहे, माझं शिक्षण दहावीपर्यंत, मला यातलं जास्त कळत नाही म्हणून विचारतोय.

बार्शीचा मास्तर

दादा, राग कशाला, बरोबर विचारलंत. स्कॉलरशिपच्या पेपरात उतारा देऊन खाली प्रश्न असतात बघा. ते प्रश्न चुकतात ते बहुतेक वेळा वाचता येत नाही म्हणून नाही, वाचलेलं मनात धरून त्यावर विचार करायची सवय नसते म्हणून. गणितातली शाब्दिक उदाहरणं पण तिथंच अडतात. क्लासमध्ये उतारे सोडवून घेतात, ते पण हवंच, पण तिथं उत्तर चार पर्यायातलं एक असतं. गटात पोरीला "तुला असं का वाटलं, कुठल्या पानावर आहे" असं दुसरी पोरगी विचारते तेव्हा तिला परत जाऊन वाचावं लागतं. ती सवय एकदा लागली की सगळ्या विषयाला लागते. तुम्ही एक करा, रात्री जेवताना तिला विचारा तुमच्या गटात आज कशावरून वाद झाला. ती काय सांगते ते ऐका आणि मग ठरवा तास वाया चाललाय का ते. तुमचं शिक्षण किती याचा यात काही संबंध येत नाही.

अक्कलकोटची कन्नड

मला भाषेबद्दल बोलायचंय कारण मी अशाच वर्गात शिकले, घरी कन्नड आणि शाळा मराठी, आणि आता डीएड करतेय.

टीचर, गटात मुलं तेलुगूत बोलायला लागली तर थांबवू नका. प्लीज. मला माहितीये वर्गात मराठीच बोला असं सांगायची पद्धत आहे आणि त्यामागं चांगलाच हेतू असतो. पण वाचलेलं मराठीत, त्यावरचा राग, हसू, शंका हे आधी घरच्या भाषेतच येतं, आणि ते येऊ दिलं नाही तर मूल फक्त तेवढंच बोलतं जेवढं त्याला मराठीत नीट बोलता येतं, म्हणजे फारच थोडं. मग आपल्याला वाटतं याला काही कळलंच नाही. कळलेलं असतं. गटातल्या गटात कुठल्याही भाषेत बोलू दे, शेवटच्या पाच मिनिटात वर्गासमोर सांगताना मराठीत सांगायला लावा. तेवढ्यासाठी ती चार डोकी मिळून मराठी शब्द शोधतात, हे मी सरावपाठाच्या वेळी बघितलंय, एक मुलगी म्हणते याला मराठीत काय म्हणायचं, तिघं तीन शब्द सांगतात आणि त्यातला कुठला बरोबर यावर परत चर्चा. भाषेचा याहून चांगला तास मी पाहिला नाही.

ज्या गटात एखादंच मूल कन्नड किंवा उर्दू घरचं असेल तिथं मात्र लक्ष ठेवा, बाकीचे तेलुगूत सुटले की ते एकटं पडतं. तिथं मराठीच ठेवायला सांगा आणि कारणही मुलांना सरळ सांगा, ती समजून घेतात.

पूर्वभागातली टीचर

किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मी वहीत उतरवून घेतलंय. दोन भाग करायची कल्पना तर माझ्या डोक्यातच आली नव्हती, ४८ चा आकडाच समोर दिसत होता. आता असं ठरवलंय की आधी मी वर्गाला एक पुस्तक वाचून दाखवणार, शनिवारी मधे गट बसवून बाकीच्यांना बघायला लावणार, आणि दिवाळीनंतर पाच गट, पट्ट्या घालून. स्टोरीवीव्हरवर काल बसले, तिसऱ्या पातळीतल्या काही गोष्टी मराठी-तेलुगू दोन्हीत मिळाल्या, प्रिंटचं सरांशी बोलले, हो म्हणाले. आणि अक्कलकोटच्या ताई, तेलुगूबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचून फार बरं वाटलं, मला तेलुगू कामापुरतं कळतं, त्यामुळे कडेला बसून ऐकता पण येईल.

एक शंका राहिली. वर्गात तीन-चार मुली अशा आहेत की सगळं वाचतात, सगळं समजतं, लिहितात पण सुंदर, पण गटात तोंडच उघडत नाहीत. मुलं मोठ्या आवाजात बोलून घेतात आणि या नुसत्या मान हलवतात. त्यांना "तू बोल गं" म्हटलं की अजून खाली बघतात. त्यांचं काय करायचं?

जुळे सोलापूर सातवी ब

"तू बोल गं" बंदच करा, सगळा गट तिच्याकडे बघायला लागतो.

मी दोन गोष्टी करतो. एक, बोलायच्या आधी दोन मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, काहीही, एखादं वाक्य. मग वह्या गटात उजवीकडे सरकवायच्या आणि दुसऱ्याचं वाक्य वाचून त्याखाली आपण एक ओळ लिहायची, तीन वेळा अशा फिरवायच्या. तोंड न उघडता चर्चा सुरू झालेली असते, आणि मोठ्या आवाजाचा मुलगा तिचं लिहिलेलं वाचून "अरे हे मला सुचलंच नाही" म्हणतो, त्यानं जे होतं ते आपल्या सांगण्यानं होत नाही. तुमच्या त्या मुली लिहितात चांगलं म्हणताय म्हणजे हे नक्की जमेल.

दुसरं, प्रत्येकाला तीन खडू किंवा चिंचोके द्या. बोललं की एक मधे ठेवायचा. तिन्ही संपले की बाकीच्यांचे संपेपर्यंत ऐकायचं. जास्त बोलणाऱ्यांना आपोआप आवर बसतो आणि तुम्हाला कुणाला रागवावं लागत नाही. हे दर वेळी नको, अधूनमधून.

आणि एखादी मुलगी दोन-तीन बैठका नुसती ऐकत बसली तर बसू द्या. तिच्या पट्ट्या मात्र नंतर नीट वाचा आणि पट्टीवरच तिला एक ओळीचं उत्तर लिहून द्या.

पुस्तकं ठेवायला प्रत्येक गटाला एकेक चादरीची प्लॅस्टिकची पिशवी द्या, ती चेनवाली पारदर्शक असते ना, आपल्याकडे घराघरात पडलेल्या असतात. पुस्तक, पट्ट्या, पेन्सिल सगळं त्यात, बाहेरून कुठल्या गटाचं ते दिसतं, आणि पावसात पानं पण भिजत नाहीत.